जिवाणी

"ह्यात काही दिसायला नको होतं," असं म्हणत बाळगोंडाकाकांनी सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लावला. चष्मा कपाळावर चढवलेला, दुसरा डोळा तळहातानं दाबून धरलेला.

"पण दिसतंय," आई म्हणाली.

"दिसतंय म्हणजे काय, जत्रा भरलीय की." ते सरळ झाले. "वहिनी, काचा उलटसुलट तर झाल्या नाहीत?"

काचा उलटसुलट झाल्या नव्हत्या. डावीकडची काच बस्तीच्या आडातल्या पाण्याची, जशाच्या तशा काढलेल्या. उजवीकडे तेच पाणी, दुपदरी फडक्यातून गाळलेलं. डावीकडे टुणकन उडी मारणारे मोठे जीव होते आणि ते उजवीकडे नव्हते, एवढं खरं. पण उजवीकडे त्यांच्याहून बारीक असे दुसरे होतेच. काही चपलेच्या तळव्यासारखे, काही तोंडाशी दोन चाकं गरगर फिरवतायत असं वाटणारे. फडक्याच्या धाग्यांमधून ते निवांत पलीकडे आले होते. मीही बघितले होते. मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन पुण्याला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते आणि दशलक्षण पर्वासाठी, आम्हा जैनांच्या भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या व्रतासाठी, रजा काढून गावी आले होते.

आमचं धनवड कृष्णाकाठी. गावात जैनांची घरं बरीच, सगळे शेतकरी. आमच्याकडे मंदिराला बस्ती म्हणतात. बाळगोंडाकाका बस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष होते आणि माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं खतांचं आणि औषधांचं दुकान होतं, म्हणजे पिकावरच्या किडींच्या औषधांचं. माणूस दिलदार आणि बोलण्यात हुशार. त्या वर्षी पर्वातल्या रविवारी त्यांनी बस्तीत एक कार्यक्रम ठरवला होता. 'आमच्या शास्त्रांना सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती' असा कापडी फलक तालुक्याच्या गावातून रंगवून आणला होता. कल्पना सरळ होती. पाण्यात जीव आहेत, ते गाळून प्या, असं आपल्या शास्त्रात दोन-अडीच हजार वर्षांपासून आहे. युरोपातल्या लोकांना ते कळायला भिंगं घासावी लागली. तेव्हा लोकांनी एक डोळा लावून न गाळलेलं पाणी बघायचं, मग गाळलेलं बघायचं, आणि धन्य होऊन घरी जायचं. दाखवणार माझी आई. ती शेजारच्या गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि रोज पाणी गाळून प्यायची. असं दोन्हीकडचं माणूस काकांना दुसरं कुठे मिळणार?

लोक धन्य झाले की त्याच कार्यक्रमात काका विज्ञान भवनाची घोषणा करणार होते. बस्तीच्या मागच्या मोकळ्या जागेत मोठं सभागृह, वर गच्ची. दिवाळीनंतर पाया काढायचा. त्या जागेच्या मधोमध बस्तीचा आड होता. गावात नळ येऊन बरीच वर्षं झाली होती, आडावर फारसं कुणी येत नव्हतं. तो बुजवायचा, असा कमिटीचा ठराव झालेला होता.

फारसं कुणी येत नव्हतं, पण आत्ती येत होती.

आत्ती म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. अण्णा गेल्यापासून घरात आई आणि आत्ती दोघीच. आत्ती नळाचं पाणी पीत नसे. सोवळं म्हणून नव्हे. तिचा हिशेब वेगळा होता. पाणी गाळलं की फडक्यात काही जीव अडकतात. ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं उलट्या बाजूनं धुऊन घ्यायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ती जिथलं पाणी तिथेच परत सोडायची. आडाचं आडात, नदीचं नदीत. दुसरीकडे सोडली तर ते जीव जगत नाहीत, असं शास्त्र सांगतं. त्यासाठी तिच्याकडे एक पितळी लहान बादली होती. तिला दोन दोर, एक कडीला, एक बुडाला. बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि मग बुडाचा दोर हलकेच ओढायचा. ती कलंडते आणि पाणी पाण्यात जातं. वरून ओतायचं नाही, आपटतात.

नळाचं पाणी आलं कुठून, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि नळात परत सोडणार कसं? आड बुजवायचं ठरलं तेव्हा काका तिला म्हणाले होते की परसात बोअर मारून देतो. आत्तीनं विचारलं होतं, "आणि जिवाणी सोडू कशी? नळीतनं?" मग ती एकदाच म्हणाली होती, तेही शांतपणे, की जिथनं काढलं तिथं परत सोडता येत नसेल तर मी काढायचंच बंद करते. काकांनी ते हसण्यावारी नेलं. आई हसली नव्हती. आत्तीनं तरुणपणी, नवरा गेल्यावर, मीठ सोडलं होतं. ते तिनं पुन्हा जिभेला लावलं नाही. ती सोडते म्हणाली की सोडायची.

"आता असं करू," काका खुर्चीत बसत म्हणाले. "दुसऱ्या काचेवर उकळून गार केलेलं ठेवा. व्रती माणसं गाळून, उकळूनच पितात. म्हणजे शास्त्राला सोडून काही नाही."

"उकळलेल्यात ती मेलेली दिसतील, भावजी."

मेलेली दिसणं पर्वात बरं दिसलं नसतं.

"मग माझ्या दुकानात बॅटरीचं पाणी आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते. त्यात म्हणे काही म्हणजे काहीच नसतं."

"नसतं," आई म्हणाली.

"झालं तर मग. थोडं इकडचं तिकडं. अहो, मूळ गोष्ट तर खरीच आहे ना? शास्त्रात लिहिलंय ना? ती लोकांपुढे नीट यायला नको?"

आईनं त्यांना चहा विचारला. पर्वात एकच वेळ घेतो म्हणून ते नको म्हणाले. जाताना दारात वळून त्यांनी आईला समजावलं की दोनशे माणसं येतील, बाहेरगावचे पाहुणे आहेत, आणि विज्ञान भवनाचं सगळं त्या दहा मिनिटांवर आहे. आवाजात धमकी नव्हती, काकुळती होती.

ते गेल्यावर मी आईला म्हणाले की तू जाऊच नकोस. आजारी पड. नाहीतर जा आणि खरं काय ते सांगून टाक. ह्या लोकांना कधीतरी कुणीतरी सांगायलाच हवं. मला तेव्हा हे फार सोपं वाटत होतं. पुण्यात मी असल्या दाव्यांवर मित्रमैत्रिणींत पुष्कळ बोललेली होते. शोध लागला की आमच्या पोथीत तो आधीच होता असं म्हणणारे प्रत्येक धर्मात असतात. शोध लागायच्या आधी पोथीत वाचून तो कुणी का लावला नाही, ह्याला त्यांच्याजवळ उत्तर नसतं. हे मी आईला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं. ती काचा पुसायला घेत होती. पुसता पुसता म्हणाली, "तुझं बरोबर आहे. पण खरं सांगितलं की ते आधी कुणाला लागेल?"

मला कळलं. आत्तीनं सबंध आयुष्य पाणी गाळण्यात घालवलं होतं. लग्नातसुद्धा ती आपलं फडकं घेऊन जायची. तिनं मीठ सोडलं, रात्रीचं पाणी सोडलं, कंदमूळ कधी खाल्लं नाही, आणि आता त्या फडक्यातून सगळं आरपार येत होतं असं दोनशे माणसांत कळायचं. आड तर दिवाळीनंतर बुजणारच होता. त्याआधीच ती पाणी प्यायचंच सोडेल की काय, अशी मला भीती वाटली.

"मग बॅटरीचं पाणी ठेवणार?" मी विचारलं.

"आधी वन्संना दाखवते," आई म्हणाली. "कळायचंच असेल तर घरात कळू दे."

मी विरोध केला. ती ऐकणाऱ्यांतली नव्हती. वर्गात ती कधी आवाज चढवायची नाही असं तिचे विद्यार्थी सांगतात. घरातही नाही. ठरवलेलं मात्र करायची.

आत्ती बस्तीतून दुपारी परत आली. आईनं मेज खिडकीशी ओढलं, आरसा फिरवून उजेड घेतला आणि गाळलेल्या पाण्याचा नवा थेंब काचेवर ठेवला. आत्तीनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि देवापुढे बसावं तशी खुर्चीत बसली. आधी तिला काहीच दिसेना. पापणीच दिसते म्हणाली. मग आईनं तिची हनुवटी धरून जरा वर केली आणि आत्ती एकदम गप्प झाली.

खिडकीबाहेर आमची म्हैस शेपटीनं माश्या हाकलत होती.

"गाळल्यालं?" तिनं डोळा न काढता विचारलं.

"गाळलेलंच, वन्सं. तुमच्याच फडक्यातनं."

"रोज हेच प्यालो आपण?"

"हो."

मी आईकडे पाहिलं. आईचा हात आत्तीच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"केवढी बारीक गं," आत्ती म्हणाली. तिच्या आवाजात मला वाटत होतं तसलं काही नव्हतं. लेकराची नखं बघताना बायका बोलतात तसा तो आवाज होता. "आणि पळतात कशी." मग थोड्या वेळानं, "हे एक थांबलं. ते पण थांबाय लागलं. काय झालं त्यांना?"

"थेंब वाळतोय. उन्हाजवळ आहे ना. पाणी कमी झालं की..."

"की काय?"

"मरतात, वन्सं."

आत्ती खुर्चीतून अशी उठली की सूक्ष्मदर्शक पडता पडता मी धरला. "मग बघत काय बसलीस? सोड की पाण्यात."

आईनं काच काढून पाण्याच्या वाटीत बुडवली. मला आठवतं, ती वाटी हातात घेऊन आई क्षणभर नुसती उभी होती. वर्षानुवर्षं तिनं कॉलेजात अशा काचा तपासून फडक्यानं पुसल्या होत्या, नळाखाली धरल्या होत्या. दर वर्षी नवा वर्ग, नव्या काचा. सकाळी काका गेल्यावरही तिनं पुसल्याच होत्या. आत्ती पितळी बादली घेऊन पुढे निघाली, मागे वाटी घेऊन आई, आणि चप्पल शोधत मी.

आडावर आत्तीनं वाटीतलं पाणी बादलीत घेतलं, खाली सोडलं, बुडाचा दोर ओढला. भाद्रपदातलं पाणी वर आलेलं, त्यामुळे बादली कलंडताना दिसली. दोर गुंडाळत ती आईला म्हणाली, "फडकं चौपदरी करूया उद्यापासनं."

एवढंच. रडणं नाही, कपाळाला हात नाही. संध्याकाळच्या आत जेवायचं म्हणून ती भाकरीला लागली. भाकरी थापताना तिनं मला विचारलं की तुझ्या पुण्याच्या कचेरीत पाणी तपासून झालं की काय करता? मी सांगितलं की पाण्यात क्लोरीन घालतात. ते कशासाठी असतं हे तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

रविवारी बस्तीचा मंडप भरून गेला. काकांनी फलक समोरच लावला होता. आईनं दाराजवळ उजेडात मेज मांडलं, दोन सूक्ष्मदर्शक, कॉलेजची परवानगी काढून आणलेले. काका तिच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटले. तिनं मान हलवली. काकांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला असावा, कारण ते पाहुण्यांकडे हसत गेले. त्यांच्या खिशात बॅटरीच्या पाण्याची लहान बाटली होती आणि ती तशीच राहिली.

आधी बायकांची रांग झाली, मग पुरुषांची. पहिल्या सूक्ष्मदर्शकाच्या नळीशी सगळे चमकत होते. कुणी मागे सरकत होतं, कुणी शेजारणीला चिमटा काढत होतं. दुसऱ्या नळीशी मात्र गोंधळ होऊ लागला. माणसं बघायची, पुन्हा पहिल्या नळीशी जायची, पुन्हा दुसरीशी यायची. शेवटी पाटलांच्या वाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंच.

"मॅडम, काचा बदलल्या काय हो?"

"काचा बरोबर आहेत," आई म्हणाली आणि उठून उभी राहिली.

आईचं भाषण मला शब्दशः आठवत नाही. ते लांब नव्हतं. आधी तिनं सांगितलं की फडक्यातून मोठे जीव अडतात, बारीक अडत नाहीत, आणि आत्ता तुम्ही दोन्ही बघितलंत. मग म्हणाली की शास्त्रात पाण्याचा थेंब हाच मुळी एक जीव मानलाय. मी कॉलेजात शिकवते ते तसं नाही. तिथे पाणी निर्जीव आहे आणि जीव त्यात राहतात. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असं मी म्हटलं तर शास्त्राशीही खोटं होईल आणि माझ्या विषयाशीही. मंडपात कुजबुज झाली. काका फलकाखाली हाताची घडी घालून उभे होते.

पुढे तिनं नारूची गोष्ट काढली. दुष्काळी भागात विहिरीचं पाणी पिऊन माणसांच्या पायातून हातभर लांब जंत निघतो, हे तिथल्या जुन्या माणसांनी पाहिलेलं होतं. त्याची पिल्लं ह्या उड्या मारणाऱ्या जीवांच्या पोटात असतात. आता सरकार त्या गावांतून फडकी वाटतं आणि दुपदरी करून पाणी गाळा म्हणून सांगतं. हे ऐकल्यावर टाळ्या सुरू झाल्या. काकांचा चेहरा उजळला. आईनं हात वर केला.

"टाळ्या थोड्या थांबवा. सरकार गाळायला सांगतं ते तुम्ही आजारी पडू नये म्हणून. फडक्यावर राहिलेलं फेकून द्या म्हणतात. ते बरोबरच आहे. आमच्या वन्सं राहिलेलं उचलून परत आडात सोडतात. आजाराचा विचार केला तर हे चूक आहे. कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. म्हणजे आपण पाणी गाळतो ते पोट सांभाळायला नव्हेच. आपल्यापासून त्यांना सांभाळायला गाळतो. असं कुणी सांगितलेलं मला आपल्याकडे सापडतं. माझ्या पुस्तकांत सापडलं नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. आईनं दोन्ही काचा काढून एका वाटीत बुडवल्या.

"हे पाणी वाळत आलं होतं. हे आता आडात सोडायचंय. पुढच्या पर्वाला इथं आड नसेल, विज्ञान भवन असेल. तेव्हा हे कुठे सोडायचं ते भावजींनी सांगावं," असं म्हणून ती खाली बसली.

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. मला त्या क्षणी त्यांची दया आली. पाहुणे पुढच्या रांगेत, कोनशिलेचा मजकूर तयार, आणि समोर मंडपाच्या खांबाला टेकून आत्ती बसलेली. आत्ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिचं सगळं लक्ष वाटीकडे होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुढे होऊन आईसमोर हात केला.

"द्या इकडं."

आईनं वाटी दिली. काका मागच्या दारानं बाहेर पडले आणि त्यांच्यामागे अर्धा मंडप उठला. आडाच्या काठावर आत्तीची बादली होती. काकांनी पाणी बादलीत ओतलं, कडीचा दोर धरला आणि बादली सोडून दिली. ती कठड्याला आपटत गेली आणि खाली धपकन आवाज झाला.

"वरनं टाकतोस काय रे," गर्दीतून आत्तीचा आवाज आला. "किडीच्या औषधाचा डबा हाय काय त्यो?"

लोक हसले. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी बादली वर घेतली. तिच्यात आडाचंच पाणी भरून आलं होतं. ह्या वेळी त्यांनी दोन्ही दोर धरले आणि हातभर-हातभर दोर सोडत ती खाली नेली. आत्ती शेजारी जाऊन उभी राहिली. थांब म्हणाली, टेकू दे म्हणाली, आता बुडाचा ओढ म्हणाली. बादली कलंडली. वर आल्यावर काका तिला म्हणाले की आवशीबरोबर यायचो गं लहानपणी, विसरलो बघ. आत्तीनं त्यांच्या हातातून दोर घेतले.

त्या दिवशी भवनाची घोषणा झाली नाही. काकांनी पाहुण्यांना सांगितलं की नकाशात थोडा बदल आहे. पुढल्या उन्हाळ्यात भवन बांधलं गेलं, आडाला वळसा घालून. त्यामुळे त्याचा एक कोपरा कापलेला आहे आणि लग्नकार्यात तिथल्या पंगती अजून वाकड्या बसतात. नाव मात्र काकांनी विज्ञान भवनच ठेवलं. वहिनी, एवढं तरी माझं राहू द्या, म्हणाले. आत्ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि शेवटपर्यंत आडाचंच पाणी प्यायली, चौपदरी गाळून.

कार्यक्रमानंतर मी आणि आई सूक्ष्मदर्शकांच्या पेट्या घेऊन घरी निघालो. ऊन उतरायला लागलं होतं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून आई झपाझप चालत होती. मी मात्र फुरफुरत होते. तिचं भाषण मला आवडलं होतं आणि तिनं त्यात एक गोष्ट टाळली असंही वाटत होतं. पाणंदीच्या वळणावर मी तिला गाठलं.

"आई, पण मुद्द्याचं सांग. त्यांना माहीत होतं का?"

"कुणाला?"

"शास्त्र लिहिणाऱ्यांना. पाण्यात जीव आहेत हे. खरंच माहीत होतं?"

"कसं असेल? भिंग कुठं होतं त्यांच्याकडे? डोळ्यांना दिसतात तेवढे दिसले असतील."

"मग तू तसं म्हणाली का नाहीस? काका म्हणतात तसं त्यांना काही आधी कळलं नव्हतं, असं सरळ?"

आईनं पेटी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"त्यात कमीपणा वाटला असता लोकांना. मला तो कमीपणा वाटत नाही. माहीत नव्हतं गं. दिसत नव्हतं. तरी म्हणाले, असेल कुणीतरी, जपून प्या, आणि उरलेलं घरी पोचवा. माहीत असतं, तर त्यात काय मोठं होतं? मला माहीत आहे. मी काचा पुसून टाकत होते."

ती पुढे चालायला लागली. उसाच्या शेतांवर ऊन पिवळं झालं होतं आणि तिच्या पाठीवर घामाचा ओला डाग होता. ती तेव्हा माझ्या आजच्या वयाहून लहान होती.

आईला जाऊन आता सात-आठ महिने झाले. माणसं भेटायला येतात, तिच्याबद्दल बोलतात. विद्यार्थी तिच्या शिकवण्याबद्दल, गावातली माणसं त्या भाषणाबद्दल. आई सर्वज्ञ होती, असं परवा एकानं म्हटलं. मी ऐकून घेतलं.

तिच्या त्या संध्याकाळच्या बोलण्यात एक खोट होती. ती मला तेव्हाच, पाणंदीत चालता चालता, दिसली होती. ज्यांनी शास्त्र मानलं त्यांना आपल्याला माहीत नाही असं कधी वाटलंच नसणार. सर्वज्ञानं बघून सांगितलंय, अशी त्यांची पक्की खात्री होती. म्हणजे त्यांनी ते न कळता केलं, असं आपण इथून म्हणतो. त्यांच्या बाजूनं ते कळूनच होतं. मग मोठेपणा नक्की कशात आहे? हा मुद्दा चांगला होता. आईला तो आवडला असता. तिला कुणी अडवलं की ती आधी हसायची, मग पदर खोचून बसायची आणि वादाला लागायची.

पण ती घाईत होती, सूर्य शेतांना टेकला होता, आत्ती दोघींसाठी पानं घेऊन थांबली असणार होती. मी म्हटलं, निवांत असताना सांगू. त्यानंतर कितीतरी वेळा आम्ही दोघी निवांत होतो. दर वेळी दुसरं काहीतरी बोलायचं असायचं.